अप्पा स्थिर बसतात

चाळिशी ओलांडली की पुरुषाला काहीतरी होतं. कोणी पहाटे उठून पळायला लागतो, कोणी घरच्या घरी पाव भाजतो आणि सगळ्यांना खायला लावतो. मी फिल्मचा जुना कॅमेरा घेतला. श्रीपेरुंबुदूरच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे फोनमध्ये बसणारे चिमुकले कॅमेरे तपासणं हेच माझ्या खात्याचं काम. आठवडाभर ते करायचं आणि रविवारी गळ्यात लोखंडाचा ठोकळा अडकवून चेन्नईच्या उन्हात हिंडायचं. बायको म्हणाली, हे म्हणजे दिवसभर मिठाईच्या दुकानात बसून संध्याकाळी घरी येऊन उसाचं चिपाड चघळण्यासारखं आहे. तिला कला कळत नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं.

गावात माझ्यासारखे आणखी काही जण होते. बहुतेक कॉम्प्युटरवाले, सगळ्यांना दाढ्या. रविवारी सकाळी अडयारच्या एका कॅफेत आमची बैठक भरायची. त्यात एक ज्येष्ठ सभासद होता. त्याचा आवडता शब्द 'धीर'. फिल्म माणसाला धीर शिकवते, डिजिटल म्हणजे पाकिटातला उपमा, पडद्यावर दिसतं ते चित्र नसतंच, तो नुसता हिशोब असतो, असं तो सांगायचा आणि आम्ही काळी कॉफी पीत माना डोलवायचो. त्याने स्वतः काढलेला एकही फोटो आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. त्याच्या फ्रिजचा एक कप्पा काढून झालेल्या रोलांनी भरला होता. ते लगेच धुवायला टाकणं त्याला उतावळेपणाचं वाटायचं.

तर या मंडळाने प्रदर्शन भरवायचं ठरवलं. विषय 'वेग'. नियम एकच, डिजिटलचा स्पर्श नको. मी उत्साहाने नाव दिलं. माझ्या डोक्यात चित्र तयार होतं: रस्त्याकडेला एक माणूस अगदी शांत बसलेला, आणि त्याच्यापुढून अख्खी चेन्नई रेघांसारखी वाहून चाललेली. शटर हळू ठेवायचं, म्हणजे हलणारं पुसट होतं आणि स्थिर असेल ते स्पष्ट राहतं. कल्पना महान होती. किती हळू ठेवायचं एवढंच मला माहीत नव्हतं. फिल्मला पडदा नसतो. तुम्ही बटण दाबता, रोल संपवता, लॅबला देता, आणि काय चुकलं ते कळेपर्यंत कुठली गाडी कुठे होती हेच विसरून गेलेले असता. माझ्या पहिल्या रोलवर एक बस इतकी स्पष्ट आली की तिकीट काढून चढावं. दुसऱ्या फोटोत बस नव्हतीच. नुसता रस्ता थोडा मळल्यासारखा दिसत होता.

तेव्हा मी मंडळाच्या दृष्टीने महापाप केलं. बायकोचा एक जुना डिजिटल कॅमेरा कपाटात पडून होता. तो बाहेर काढला. फिल्मच्या डबीवर प्रकाश टिपण्याचा जो आकडा छापलेला असतो, तोच त्यात घातला, भिंगाचं तोंड तेवढंच उघडं ठेवलं, शटर आधी एक पंधरांश सेकंद, मग पाव, मग अर्धा, असं करत पडद्यावर पाहत गेलो. मनासारखी रेघ उमटली की तेच आकडे फिल्मच्या कॅमेऱ्यावर लावायचे आणि जणू काही अंतःप्रेरणेने बटण दाबतोय असा चेहरा करायचा. हा डिजिटल कॅमेरा मी जेवणाच्या पिशवीत दहीभाताच्या डब्याखाली लपवून न्यायचो. मंडळातलं कोणी रस्त्यात भेटलं तर काय, म्हणून.

आता शांत बसणारा माणूस हवा होता. चेन्नईत असा माणूस मिळणं कठीण, पण माझ्या घरातच एक होता. माझे सासरे. सगळे त्यांना अप्पा म्हणतात, मीही म्हणतो. ते आमच्याकडे राहतात, असं मी ऑफिसात सांगतो. खरं म्हणजे वेस्ट मांबलममधला तो फ्लॅट त्यांचा आहे आणि आम्ही त्यांच्याकडे राहतो. विमा कचेरीत हेडक्लार्क होते. माझी सासू गेल्यापासून त्यांचं बोलणं कमी झालं होतं, पण माझी मराठी सुधारण्याचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांचं घराणं तंजावरचं. त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्र कधी सोडला ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही, मात्र येताना खरी मराठी बरोबर आणली आणि मागे राहिलेल्यांनी ती बिघडवली, याबद्दल त्यांना शंका नाही. मी सातारचा. मी 'टेन्शन घेऊ नका' म्हटलं की ते डोळे मिटून घेतात. स्वतः ते तमिळच्या चालीवर हेल काढत बोलतात, त्याला बिघडणं म्हणत नाहीत.

स्थिर बसण्याचा अप्पांना अभिमान होता. त्यांच्या लग्नातला स्टुडिओतला फोटो हॉलमध्ये आहे. फोटोवाल्याने श्वास धरा म्हटलं, त्यांनी धरला, आणि सोडा म्हणायला तो विसरला, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की मलाच धाप लागायची. मी माझी अडचण सांगितली तेव्हा ते सरळ म्हणाले की बसायचं काम माझं, तुमचं यंत्र तुम्ही सांभाळा.

आधी आम्ही मांबलम स्टेशनवर गेलो. मागून लोकल जाते आहे आणि पुढे बाकावर अप्पा. ट्रायपॉडचे पाय मी पुरते उघडलेही नव्हते, तोच रेल्वे पोलीस आला. त्याने परवानगीबद्दल विचारलं. मी कलेबद्दल सांगितलं. त्याने पुन्हा परवानगीबद्दल विचारलं. अप्पांनी त्याच्याशी तमिळमध्ये दोन शब्द बोलून आमची सन्मानाने सुटका करून घेतली आणि आम्ही घरी आलो.

मग बिल्डिंगच्या फाटकाबाहेरच खुर्ची टाकली. दिवेलागणीची वेळ होती. औषधाच्या दुकानातला उजेड समोरून येत होता आणि आमच्या त्या अरुंद रस्त्यावरून रिक्षा, स्कूटर, पाण्याचे टँकर, सगळा वेग आपणहून हजर होता. अप्पांनी पांढरा शर्ट घातला होता, खाली वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, नेसली होती, कपाळाला ताजं गंध. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते असे बसले की दुकानदाराने बाहेर येऊन मला विचारलं, सार, बरे आहेत ना?

एक पंधरांशाला स्कूटर नुसती माझा हात हलल्यासारखी दिसली. पाव सेकंदाला जरा जमलं. अर्ध्या सेकंदाला टँकर कोणी ब्रशने ओढावा तसा आला आणि मी खूश झालो. पडद्यावर चित्र मोठं करून पाहिलं. अप्पांचा चेहरा स्पष्ट, गंध स्पष्ट, शर्टाची बटणं मोजून घ्यावीत. उजवा हात मात्र कापसाच्या बोळ्यासारखा.

मी म्हटलं, अप्पा, हात हलवू नका. ते म्हणाले, हलवत नाही. पुन्हा काढला. पुन्हा बोळा. मी जरा आवाज चढवून समजावलं की अर्धा सेकंद हा फार मोठा वेळ असतो, बोट उचललं तरी कॅमेऱ्याला कळतं. ते समोर बघत बसले. मी बऱ्याच वेळा काढला. दर वेळी टँकर नाहीतर रिक्षा सुरेख, आणि हात तसाच. शेवटी मी ठरवलं की वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी रेडिओवर कर्नाटक गाण्याची कच्चेरी, म्हणजे मैफल, चालली असणार आणि अप्पा मांडीवर ताल धरत असणार. दिवसभर कॅमेऱ्यातले दोष शोधणारा माणूस मी. तो दोष रेडिओत सापडला म्हणून मी समाधानाने सामान आवरलं आणि बायकोलाही तेच सांगितलं.

जेवणं झाल्यावर बायको सोफ्यावर बसून ते फोटो पाहत होती. ती बँकेत आहे, दिवसभर सह्या जुळवते. एका फोटोवर ती थांबली. तो मोठा केला, पुढचा पाहिला, मग मागचा.

"रेडिओ लागला होता का रे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, लागला असेल.

"असेल की होता?"

तिने कॅमेरा बाजूला ठेवला आणि म्हणाली की अप्पांनी दोन-तीन महिन्यांत कॉफी गार करायला टंबलरमधून वाटीत ओतलेली मी पाहिलेली नाही. मग आम्ही दोघं एकेक आठवायला लागलो. कॉफी ते आता अर्धाच पेला घेत, भूक कमी झाली म्हणून. दाढी दिवसाआड, घाई कुठे आहे म्हणून. घरात बटणांचे शर्ट बंद होऊन गळ्यातून घालायचे आले होते, उकडतं म्हणून. प्रत्येक गोष्टीला त्यांनी कारण दिलं होतं आणि ते आम्हाला पटलं होतं. घरात दोन शिकलेली माणसं, दोघांचंही पोट बारीक चुका शोधण्यावर चालणारं, आणि आमच्या नजरेतून हे सुटलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना फोटो दाखवून डॉक्टरकडे जाऊया म्हटलं. अप्पांनी चष्मा न लावताच पाहिलं.

"मज कांहीं जालं नाहीं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमच्या मंडळींचं म्हणणं काय? पडद्यावरचं खोटं, फिल्मवरचं खरं. तुम्हीच फोनवर सांगत होतां ना?"

सांगत होतो. चांगला घसा फोडून सांगत होतो.

"मग फिल्मवर काढा. त्यांत आलं तर येतों डॉक्टराकडे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. फिल्मचा शोध मीच लावला होता असं ते पाहणं होतं. मी म्हणू लागलो की अप्पा, तसं काही नसतं, दोन्हींत प्रकाश तोच. पण माझंच तत्त्वज्ञान माझ्या पुढ्यात वाढलेलं होतं आणि ते गिळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्याच संध्याकाळी पुन्हा खुर्ची टाकली. या खेपेस दहीभाताखालचा कॅमेरा नाही, फक्त ठोकळा. आकडे ठरलेले होते. मी रस्त्याकडे बघायचो, टँकर आला की बटण दाबायचो, चावी फिरवून रोल पुढे सरकवायचो, पुन्हा रस्त्याकडे बघायचो. अप्पांकडे बघायची मला हिंमत होत नव्हती असं आता म्हणता येईल. तेव्हा मी म्हटलं असतं की मी वाहतुकीवर लक्ष ठेवत होतो. रोल संपला. अप्पा उठले, खुर्ची स्वतः उचलायला गेले, मी घाईने ती आधी उचलली. त्यांना ते आवडलं नाही.

लॅबवाला म्हणाला, सध्या गर्दी आहे, वेळ लागेल. फिल्म माणसाला धीर शिकवते. त्या दिवसांत घरात तिघंही इतकं धीराने वागत होतो की एकमेकांशी बोलणं अवघड झालं होतं. अप्पा पेपर वाचायचे तो आता टेबलावर पसरून. बायको त्यांच्याकडे पाहायची आणि त्यांनी मान वर केली की भिंतीवरच्या घड्याळाकडे. मला एकदा वाटलं की रोल कोराच निघावा, कॅमेऱ्यात नीट अडकलेलाच नसावा. मग वाटलं, तसं झालं तर हा माणूस जिंकेल आणि घरातच बसेल. रविवारी बैठकीत ज्येष्ठ सभासद वाट पाहण्यातल्या सौंदर्याबद्दल बोलला. मी कॉफी अर्धी टाकून उठलो.

लॅबने स्कॅन करून पाठवलेले फोटो फोनवर आले तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. शेजारचा झोपला होता. टँकर, रिक्षा, स्कूटर, सगळ्यांच्या हव्या तशा रेघा आल्या होत्या. चित्र जसं मनात होतं अगदी तसं. पहिल्या काही फोटोंत उजवा हात पुसट होता, डिजिटलवर होता तितकाच. पुढच्या फोटोंत अप्पांनी डावा हात उजव्यावर ठेवला होता. त्याच्या पुढच्यांत त्यांनी मनगट घट्ट धरलेलं होतं. इतकं घट्ट की खांदा वर चढलेला दिसत होता. आणि त्यांत दोन्ही हात पुसट होते, शर्टाच्या बाहीसकट. चेहरा मात्र पूर्ण शांत. मी फोन खिशात ठेवला आणि उरलेला रस्ता खिडकीतून बाहेर बघत आलो.

घरी मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी या वेळी चष्मा लावला. एकेक फोटो पाहिला. मनगट धरलेल्या फोटोवर थांबले.

"धरलं होतं," ते म्हणाले. चष्मा काढत म्हणाले, "तरी."

बायकोने विचारलं, किती दिवस झाले असं होतंय. गेल्या दिवाळीच्या आधीपासून, त्यांनी सांगितलं. आधी फक्त अंगठा, मग हात. सांगितलं का नाही, असं तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज वर गेला. ती रागावली की तमिळमध्ये बोलते, तशी बोलली. अप्पांनी तिला मराठीत उत्तर दिलं.

"आई असती तुझी, तर तिला सांगितलं असतं. तुम्हांस सांगायचं म्हणजे दवाखाना आला."

त्यावर ती उठून आत गेली. मी तिथेच बसलो. मला वाटलं काही बोलावं, पण माझ्याकडची सगळी वाक्यं मंडळाच्या बैठकीतली होती.

डॉक्टरकडे जाताना मी सगळे फोटो मोठे छापून पाकिटात घेतले. फिल्मचे वेगळे, डिजिटलचे वेगळे, खाली शटरचे आकडे. इतका पद्धतशीर पुरावा कोणत्या डॉक्टरला मिळाला असेल? डॉक्टरबाईंनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. अप्पा दारातून खुर्चीपर्यंत चालत आले ते त्यांनी पाहिलं, बोटांवर अंगठा टेकवत राहायला सांगितलं, हात सैल सोडून दोन्ही मनगटं वाकवून पाहिली, आणि सांगितलं की हा कंपवात आहे. पाकीट माझ्या मांडीवर तसंच राहिलं. बरा होणार नाही, पण औषधाने बरीच वर्षं चांगली जातात, असं त्या म्हणाल्या. अप्पांनी एकच विचारलं, डोकं शाबूत राहील ना? डॉक्टरबाईंनी खोटा दिलासा दिला नाही. आत्ता उत्तम आहे, म्हणाल्या, आणि पुढचं पुढे पाहू. अप्पांना ते उत्तर आवडलं असावं, कारण परत येताना त्यांनी रिक्षावाल्याशी मीटरवरून मनापासून भांडण केलं.

औषधाने फरक पडला. सगळा नाही. सकाळी चांगलं असतं, गोळीची वेळ टळली की बिनसतं. एकदा बटणांचा शर्ट स्वतः घालून ते हॉलमध्ये आले आणि आम्ही दोघांनीही मुद्दाम टीव्हीकडे पाहिलं. तेही त्यांना आवडलं नाही. त्यांचं म्हणणं असं की पाहायचं नव्हतं तेव्हा पाहत होतां, आतां काय जालं?

प्रदर्शनाची तारीख जवळ आली तेव्हा मी नाव काढून घेणार होतो. अप्पांनीच विचारलं की आमच्या फोटोचं काय केलंत. मी म्हटलं, तुम्हाला चालणार असेल तरच. त्यांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, लावा, मनगट धरलेला लावा, पण खाली रोगाचं नाव लिहूं नका. मी म्हटलं, नुसतं 'अप्पा' लिहितो. तेवढं चालेल, म्हणाले.

ते आले प्रदर्शनाला. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर अंगवस्त्र. माझ्या फोटोपुढे बरीच माणसं उभी होती आणि ज्येष्ठ सभासद त्यांना समजावत होता. हे हात म्हणजे विरघळणारा काळ आहेत. एक हात वर्तमानाचा, एक भूतकाळाचा. डिजिटलवाल्याला हे सात जन्मांत सुचणार नाही, कारण फिल्मवाला चित्र आधी मनात पाहतो. अप्पा पाठीमागे हात बांधून सगळं ऐकत होते. फोटोतला माणूस आपल्या शेजारी उभा आहे हे त्या सभासदाला जरा उशिरा कळलं. तो गडबडला, नमस्कार केला, आणि मनात आधी पाहण्याचा मुद्दा त्यांनाही सांगू लागला. अप्पांनी त्याला मधेच थांबवून शुद्ध तमिळमध्ये सविस्तर खुलासा केला. मनात नाही, जावयाने आधी डिजिटल कॅमेऱ्यात पाहिलं, पुष्कळ वेळा पाहिलं, तो दहीभाताच्या पिशवीत असतो. मुलीला त्यातच दिसलं. मग फिल्मवर काढलं ते माझ्या हट्टापायी. आणि हा काळ वगैरे नाही, नडुक्कम् आहे, म्हणजे कंपवात, उजव्या हाताचा, गोळ्या चालू आहेत.

असं म्हणून त्यांनी उजवा हात पुढे धरून दाखवला. गोळीची वेळ होत आली होती, त्यामुळे तो चांगलाच हलत होता. एक वयस्क बाई होत्या, त्यांनी जवळ येऊन डॉक्टर कोण आहेत ते विचारलं. त्यांच्या यजमानांचंही असंच काहीसं चाललं होतं. अप्पा त्यांच्याशी बोलत बाजूला जाऊन बसले आणि फोटोपुढची गर्दी हळूहळू पांगली.

घरी पोचण्याआधीच मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मला काढलेलं होतं. इतक्या तत्परतेने त्या मंडळींनी आजवर काही केलं नव्हतं.

जेवताना बायकोने अप्पांना विचारलं की रोगाचं नाव तुम्हीच सगळ्यांना सांगणार होतात, तर खाली लिहायला काय हरकत होती?

अप्पा भात कालवत होते. हल्ली ते चमच्याने जेवतात, पण भात मात्र हातानेच कालवतात, थोडा ताटाबाहेर सांडतो.

"लिहिलं असतं तर सगळ्यांनी तेंच वाचलं असतं," ते म्हणाले. "फोटो कोण पाहता?"

मग त्यांनी सांबारात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. ते बरोबर होतं. स्वयंपाक त्या दिवशी मी केला होता.